माळ्यावरचं लाकूड, गुंडाळलेली हातरी

मे सरत येतो, पाऊस अजून केरळाच्या आसपास असतो, आणि मालवणातल्या आमच्या घरात लादीला घाम सुटतो. कुणी पाणी सांडलेलं नसतं, कौल फुटलेलं नसतं. तरी अनवाणी पायांना चिकट ओल लागते आणि चालत गेलं की मागे पावलं उमटतात. आत्या ती पावलं बघून म्हणते, "लादीक घाम इलो, आता पाऊस येतलो." शेजारची खोली अजून शेणाने सारवलेली आहे. तिथे मात्र सगळं कोरडं. घर एकच, हवा एकच, दुपारही तीच.

यंदा त्या सारवलेल्या खोलीचं काय करायचं, हा विषय निघाला. भाच्याला लाकडी जमीन हवी होती. सुनेचं म्हणणं, मूल रांगतंय, भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ गालिचा घालू. दोघांचंही मला पटत होतं. पण उत्तर शोधायला बसलो आणि त्या घामापाशीच अडकलो.

घाम लादीचा नसतोच, हवेचा असतो. तीस अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाणी असतं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. हिशेब केला तर तिच्यात पाऊण लिटरहून जास्त पाणी निघतं. डोळ्यांना काहीच न दिसणाऱ्या त्या रिकाम्या खोलीत जवळजवळ तांब्याभर पाणी तरंगत असतं! ही हवा सत्तावीस अंशांपर्यंत थंड झाली की तिला ते पाणी पेलवत नाही. खालच्या भुईला टेकलेली लादी त्याहून अंशभर जरी गार असली, तरी पाणी तिच्यावर उतरतं. थंडगार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून थेंब धरतात, तेच हे.

मग शेणाची जमीन कोरडी कशी? तिच्यावरही पाणी येतंच, पण ती ते पिऊन टाकते. तिच्या अंगात असंख्य बारीक छिद्रं असतात. दमट दुपारी ती ओल आत घेते आणि हवा सुकली की परत सोडते. शेणात गाईला न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात, ते मातीला धरून ठेवतात. आणि आमची लाल जांभ्याची मातीही स्वभावाने शांत. तिच्यातलं मुख्य चिकणखनिज केओलिनाइट पाणी प्यालं तरी फारसं फुगत नाही. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी फाटते; आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, तसं फाटत नाही. दर वर्षी पाऊस सरला की तुळशीच्या लग्नाआधी ते खणून, भिजवून, चोपण्याने चोपून नवं करायचं आणि वरून सारवायचं. मराठीत 'फ्लोअर'ला आपण जमीनच म्हणतो, मुंबईत आठव्या मजल्यावर राहणाराही जमीनच पुसतो. कोकणातल्या घरात तो शब्द शब्दशः खरा आहे.

आता भाच्याचं लाकूड. लाकूड पायाला उबदार का लागतं? ते गरम असतं म्हणून नव्हे. एकाच खोलीतली लादी आणि फळी जवळपास सारख्याच तापमानाची असतात. फक्त दगड पायातली ऊब भराभर ओढून घेतो आणि लाकूड अगदी सावकाश. पण तेच लाकूड झाड मेल्यावरही पाणी पीत राहतं. हवेत 65 टक्के आर्द्रता असली की त्याच्या वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं. आमच्या आषाढात ते 18 टक्क्यांच्या वर जातं. प्यालेलं पाणी लांबीत जवळजवळ दिसत नाही, रुंदीत दिसतं. सागासारखं सोशिक लाकूडसुद्धा एवढ्या फरकाने तीन मीटर रुंदीमागे तीन सेंटिमीटरच्या आसपास पसरू शकतं. फळ्या भिंतीला भिडवून बसवल्या असतील, तर त्या जातील कुठे? वरच येतील. त्यातून पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांपलीकडे गेलं की बुरशीला रान मोकळं, आणि खालून वाळवी वाट बघत असतेच.

गालिच्याचं जन्मगाव तर वेगळंच, बहुधा मध्य आशियातल्या कोरड्या, थंड मुलखातलं. 1949 साली रशियन पुरातत्त्वज्ञ सेर्गेई रुदेन्को यांना अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे एका थडग्यात गाठी मारून विणलेला गालिचा सापडला. थडग्यात शिरलेलं पाणी गोठलं होतं आणि त्या बर्फाने त्याला सुमारे 2400 वर्षं सांभाळलं. त्यावरचे घोडे आणि हरणं अजून ओळखू येतात. मालवणात तो किती पावसाळे टिकला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण इथे मीठ आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, हे प्रत्येक घराला ठाऊक. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा खडा हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतो. समुद्रावरून येणारं वारं, किनाऱ्यावरून आलेले पाय, सगळ्यांबरोबर मीठ घरात येतं आणि गालिच्याच्या लवेत बसतं. मग गालिचा वाळत नाही. अशा ओलसर लवेत धुळीतले किडे सुखाने नांदतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. ते पाणी पीत नाहीत, हवेतली वाफच अंगात ओढतात. घरातल्या धुळीची ॲलर्जी यांच्यामुळे होते, हे 1964 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. रांगणाऱ्या मुलाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं.

दोन्ही पर्याय बाद झाले असं वाटून मी वर बघितलं, आणि चकित झालो. लाकडी जमीन आमच्या घरात होतीच! माळा. फणसाच्या आणि ऐनाच्या फळ्या, मधे बोटभर फटी, वर कौलांमधून खेळणारा वारा, खालून चुलीचा धूर. भुईची ओल तिथे पोचत नाही आणि फुगायला फटी आहेत. भात, नारळ, सुकी मासळी ठेवायची जागा म्हणजे घरातली सगळ्यात कोरडी जागा. जुन्या सुतारांनी लाकूड तिथे घातलं. आणि गालिचा? तोही होता, कोपऱ्यात उभा. हातरी. बसायचं तेव्हा अंथरायची, उठलं की गुंडाळायची, उन्हात टाकायची. ओल साठायला तिला वेळच मिळत नाही. लाकूड की गालिचा, याचा निवाडा या घराने केव्हाच केला होता. एकाला वर चढवलं, दुसऱ्याला गुंडाळलं.

म्हणून शेणाची जमीन तशीच ठेवा, असं मी म्हणणार नाही. मेक्सिकोत कोआविला राज्यात 2000 सालापासून सरकारने गरीब घरांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. नंतरच्या अभ्यासात लहान मुलांमधल्या जंतांचं प्रमाण 78 टक्क्यांनी आणि जुलाबाचं 49 टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. सारवणाचा वास मला कितीही आवडो, रांगत्या मुलापुढे तो आकडा मोठा आहे. शिवाय दर आठवड्याला वाकून सारवणारे हात आत्याचे असतात, माझे नव्हेत.

त्या खोलीत आम्ही भाजलेल्या मातीच्या, झिलई नसलेल्या लाद्या घातल्या. धुता येतात, आणि पाणी थोडं पितातही. खाली चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. 1664 साली पाया घातलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा दाखवतात, तो चुन्यातलाच. भाच्याने माळ्याच्या फळ्या घासून, तेल लावून तिथे आपली अभ्यासाची जागा केली.

मुलासाठी काथ्याची चटई आणली. नारळाच्या सोडणाचा हा धागा महिनोन्महिने पाण्यात कुजवून काढतात आणि तरी तो कुजत नाही; त्यात लिग्निन खूप, बुरशीला ते सहज पचत नाही. वर जुन्या साड्यांची वाकळ घातली की गुडघ्यांना टोचत नाही. मृगाच्या पहिल्या सरीला आत्याने हाक मारली, सुनेने चटई गुंडाळली, भाच्याने वरून हात खाली केला आणि ती माळ्यावर ओढून घेतली.