जुन्या घराचा विस्तार आणि उष्णतेचा हिशेब

घर जुने झाले व कुटुंब वाढले, म्हणजे मालकापुढे दोन मार्ग उरतात : ते पाडून नवे बांधणे, अथवा उभ्या घराची डागडुजी करून खोल्या वाढविणे. दुसऱ्या मार्गाने गेल्यास विटा, सिमेंट व पोलाद यांच्या निर्मितीत एकदा खर्ची पडलेली ऊर्जा वाया जात नाही. मात्र विस्तारानंतर घर अधिक तापू लागल्यास हा लाभ टिकत नाही. पुण्यातील १९६० च्या सुमाराचा, गच्चीचा एकमजली बंगला समोर ठेवून या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

अशा घरात उन्हाळ्यातील उष्णतेचा प्रमुख प्रवेशमार्ग गच्ची हाच होय. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश असल्याने मे ते जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबमधून, पृष्ठभागालगतच्या हवेचा रोध जमेस धरूनही, तपमानातील दर अंश फरकास दर चौरस मीटरमागे सुमारे ३.५ वॅट उष्णता आत येते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ सालच्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी हीच मर्यादा १.२ ठरविली होती. स्लॅबवर ०.०३५ वाहकतेच्या रोधक द्रव्याचा ४ सेंटिमीटरचा थर दिल्यास हा आकडा ०.७ पर्यंत, म्हणजे एक पंचमांशावर येतो. थर वरच्या बाजूस द्यावा. तसे केल्याने स्लॅब दिवसा तापत नाही व रात्री खोलीत उष्णता सोडीत नाही.

वर मजला चढविल्यास खालच्या खोल्यांस सावली लाभते हे खरे. परंतु प्रश्न सुटत नाही, एक मजला वर सरकतो. नव्या स्लॅबलाही रोधक थर हवाच. शिवाय भार पेलणाऱ्या जुन्या भिंती व पाया यांची तपासणी त्यापूर्वी झाली पाहिजे.

पश्चिमेची पडवी बंद करून खोली काढण्याचा मोह सर्वत्र दिसतो. परंतु ती पडवी भिंतीस सावली व घरास वारा देत असते. मावळतीचे ऊन खालून तिरपे येत असल्याने छज्जा तेथे अपुरा पडतो. उभ्या झडपा किंवा झाडे उपयोगी ठरतात.

सारांश, आधी बांधणीची तपासणी, मग सावली, रोधक थर व समोरासमोरच्या खिडक्या, आणि अखेरीस वातानुकूलन यंत्र, हा क्रम असावा. तो उलटल्यास घराच्या दोषांची किंमत कुटुंबास दरमहा विजेच्या देयकात मोजावी लागते.