एअर गनने आवळलेला नट म्हणजे पक्का नट नव्हे

अलीकडच्या पोर्शे ९११ जीटी३ च्या चाकाला नेहमीचे पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला सेंटर-लॉक म्हणतात. तो दिसला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "फॉर्म्युला वनसारखाच आहे ना? मग एअर गन लावा, दोन सेकंदांत काम." हे मी टायरच्या दुकानात ऐकलंय, गाडीमालकांकडून ऐकलंय आणि ज्यांच्याकडून ऐकायला नको त्या मेकॅनिकांकडूनही ऐकलंय. प्रत्येक वेळी राग येतो, कारण इथे चूक झाली तर नुसता ओरखडा पडून भागत नाही. अख्खं चाक निघून जातं.

आधी आकडा बघू. आपल्या साध्या छोट्या गाडीचा चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. ९९१ मालिकेच्या जीटी३ चा मधला नट पोर्शे ६०० न्यूटन-मीटरला आवळायला सांगते. सव्वा मीटर लांबीचा पाना घेतला तरी त्याच्या टोकावर जवळपास ५० किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो. अर्ध्या इंची चौकटीचे बहुतेक टॉर्क रेंच इथवर पोचतच नाहीत. पाऊण इंची लागतो. शिवाय नटाच्या आकाराचं खास सॉकेट हवं, नाहीतर नटाच्या कडा खरवडल्या जातात.

एअर गनवाल्यांचं म्हणणं असतं, "आमची गन हजाराची आहे, सहाशे काय घेऊन बसलात?" ताकद आहे, हे मान्य. पण गन नटावर सलग जोर लावत नाही. आतला हातोडा ठोके देत राहतो आणि प्रत्येक ठोक्याला नट किती फिरेल हे हवेच्या दाबावर, नळीच्या लांबीवर, सॉकेटच्या वजनावर आणि मध्ये लावलेल्या अॅडॉप्टरवर ठरतं. त्याच गनने, त्याच माणसाने आवळलेल्या चार चाकांत चार वेगळे आकडे निघू शकतात. कंपनीच्या डबीवर छापलेला आकडा ही गनची कमाल मर्यादा असते. तुमच्या नटावर प्रत्यक्ष किती जोर बसला, ते त्यावरून कळत नाही.

यावर लगेच तोडगा सुचवला जातो: आधी गनने बसवू, मग टॉर्क रेंच लावून 'टक्' ऐकू. नेमकी इथेच फसगत होते. गनने नट ८०० ला नेऊन ठेवला असेल, तर ६०० ला लावलेला रेंच पहिल्याच दाबाला टक् करतो. नट जागचा हलत नाही आणि मेकॅनिक समाधानाने पुढच्या चाकाकडे वळतो. त्या आवाजाचा अर्थ एवढाच की नट निदान ६०० ला तरी आहे. वर किती गेलाय, आटे ताणले गेलेत का, हे रेंच सांगू शकत नाही. म्हणून नट हाताने फिरवून आट्यांवर नीट चढवायचा आणि पुढचं आवळणं टॉर्क रेंचनेच करायचं.

पोर्शेच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली पद्धतही ऐकण्यासारखी आहे. ६०० ला आवळा, पाव फेरा सैल करा, पुन्हा ६०० ला आवळा. पहिल्या आवळणीत नट आणि चाक यांचे शंकूसारखे भाग एकमेकांत बसतात, आट्यांना लावलेली पेस्ट पसरते. दुसऱ्या आवळणीतला जोर मग खऱ्या पकडीत उतरतो. बोल्टच्या कुठल्याही अभियांत्रिकी पुस्तकात हा ढोबळ हिशोब सापडेल: लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बसणीच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात आणि जेमतेम दहा टक्के प्रत्यक्ष पकडीसाठी उरतो. घर्षण थोडं बदललं की या दहा टक्क्यांचं गणित पार बदलतं. म्हणूनच "आट्यांना कधीच काही लावायचं नसतं" हा साध्या बोल्टचा नियम इथे चालत नाही. पोर्शेने ठरवून दिलेली अॅल्युमिनियमयुक्त पेस्ट लावायची. कपाटातलं हाताला लागेल ते ग्रीस नाही.

आता फॉर्म्युला वन. तिथली गन खास त्याच कामासाठी बनवलेली असते, नट किती आवळला गेला हे मोजणारे सेन्सर तिच्यात असतात, आणि नियमानुसार नट निसटू नये म्हणून वेगळी दुहेरी अडकवणीही असते. शिवाय ते चाक जास्तीत जास्त एका शर्यतीपुरतं, म्हणजे सुमारे ३०५ किलोमीटर धावतं. तुमचं चाक त्या नटावर महिनोन्महिने पळणार असतं.

एवढं करूनही तिथे चुका होतातच. २०१८ च्या मेलबर्न शर्यतीत हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर होत्या. पाठोपाठच्या पिट स्टॉपमध्ये दोघींचे नट वाकडे चढले आणि दोन्ही गाड्या बाद झाल्या. २०२१ मध्ये मोनॅकोत वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजच्या नटाच्या कडा गनने अशा खरवडल्या गेल्या की चाक निघेचना. शर्यत सोडावी लागली आणि ते चाक शेवटी संघाच्या ब्रॅक्लीच्या कारखान्यात निघालं. वर्षभर हाच सराव करणाऱ्या माणसांची ही गत, तर आपण कशाच्या भरवशावर गन उचलायची?

इतर समजुती थोडक्यात.

"एकाच नटावर चाकाचा सगळा भार." नाही. हबवरच्या पिना चाकाच्या भोकांत बसतात आणि चाक फिरवण्याचं, थांबवण्याचं काम त्याच करतात. नटाचं काम चाक हबवर घट्ट दाबून धरणं.

"टॉर्क पाचपट करणारा मल्टिप्लायर घेतला आणि १२० लावले की बरोबर ६००." आतल्या गिअरांत काही जोर खर्च होतो, उपकरणासोबत आलेल्या तक्त्यातला आकडाच धरा. त्याचा टेकू चाकाच्या आऱ्यावर देऊ नका, आरा मोडेल.

"टॉर्क रेंच एकदा घेतला की जन्मभराचा." टॉर्क रेंचसाठीचं आयएसओ ६७८९ हे मानक वर्षाने किंवा साधारण ५,००० वापरांनी तपासणी धरतं. त्याच रेंचने नट सोडवण्याची सवय असेल, तर ती आजच मोडा.

"हँडब्रेक ओढला की पुरे." हँडब्रेक मागच्या चाकांपुरता. आवळताना आत दुसरा माणूस बसवून पायाचा ब्रेक दाबून धरायला लावा.

"हातोडा म्हणजे अडाणीपणा." जुन्या एमजी आणि जग्वार ई-टाइपच्या तारांच्या चाकांना तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा हेच योग्य हत्यार आहे. त्या नटांचे ठोकण्यासाठी बाहेर आलेले कान अमेरिकेने १९६८ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बंद केले होते; कान नसलेल्या नटांना ठोकायला खास पाना लावावा लागतो.

"सगळीकडे आटे सारखेच." पोर्शेच्याच कॅरेरा जीटीला डावीकडचा नट लाल आणि उजवीकडचा निळा उगाच नाही. फिरवण्याआधी बाजू बघा.

आणि आकडे पाठ करू नका. ९९७ मालिकेच्या जीटी३ ला सुरुवातीला ४६० सांगितलं होतं, ९९१ ला ६००. आपल्या गाडीचं, आपल्या वर्षाचं मॅन्युअल उघडा.

आवळून झाल्यावर सॉकेट काढून घाईने टोपण लावू नका. सॉकेट आत दाबलं की नटाच्या मध्यातला स्प्रिंगचा दातेरी खटका मागे सरकतो. सॉकेट काढल्यावर तो पुन्हा बाहेर येऊन नटाच्या खाचांत बसायला हवा. तो अर्धवट अडकलेला असेल तर ६०० ची आवळणीही अपुरी आहे. बोट लावून बघा, चारही चाकांना. खटका बाहेर आला नसेल तर गाडी जॅकवरून उतरवू नका.