काचेची कड

काचेच्या बाटलीवर थेट दिवा मारला तर बाटली उजळत नाही. तिच्या पोटावर दिव्याचा एक पांढरा ठिपका तेवढा उमटतो, बाकीची बाटली होती तशीच राहते. पेरूचं तसं नसतं. पेरूवर कुठूनही उजेड टाका, साल तो सगळ्या दिशांना विखुरते आणि त्यातला थोडा कॅमेऱ्यापर्यंत येतोच. काच उजेड विखुरत नाही. समोरून आलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के भाग तिच्या प्रत्येक पृष्ठावरून परत फिरतो, तोही ठरलेल्या कोनातच. उरलेला आरपार निघून जातो. त्यामुळे फोटोत आपण जिला बाटली म्हणतो, ती खरं तर तिच्या भोवतालची बनलेली असते: मागचा कागद, बाजूचा पुठ्ठा, छतावरची ट्यूबलाइट, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूससुद्धा. जाहिरातीसाठी बाटल्यांचे फोटो काढणाऱ्याचं बरंचसं काम म्हणूनच बाटलीवर चालत नाही, तिच्या आजूबाजूला चालतं. स्टुडिओतल्या सगळ्या कामांत मला हे काम सर्वांत चोख वाटतं, कारण इथे अंदाजपंचे काही खपत नाही. भोवतालात जे ठेवाल तेच काचेत दिसतं.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ १८४४ पासून भागाभागांनी निघाला. त्यातलं तिसरं चित्र चिनी मातीच्या भांड्यांचं आहे आणि चौथं काचेच्या वस्तूंचं. दोन्ही एकत्र का मांडू नयेत, हे टॅल्बट यांनीच तिथे सांगितलं आहे. पांढरी चिनी माती इतकी उजळ असते की तिचं चित्र उमटून पूर्ण होतं, तेव्हा काचेचं जेमतेम सुरू झालेलं असतं. कागदी लेबल लावलेली बाटली टेबलावर आली की आजही हाच पेच पडतो. लेबल चिनी मातीसारखं वागतं, बाटली काचेसारखी, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच फोटोत हवी असतात.

आधी काचेचं बघू. रिकाम्या बाटलीच्या मधल्या भागातून आपण जवळजवळ सरळ मागे बघत असतो. कडेकडे जावं तशी काच आपल्या नजरेला तिरपी होत जाते. तिथला किरण वाकतो, शिवाय तिरप्या कोनात परावर्तनही ४ टक्क्यांवर न थांबता झपाट्यानं वाढतं. परिणाम असा की बाटलीच्या मध्यावर मागचा कागद दिसतो, पण कडेवर दिसतं ते पार बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर जे काही असेल ते. काचेच्या फोटोची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. फिल हंटर आणि पॉल फुका यांच्या ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ या १९९० साली आलेल्या पुस्तकानं ती फार नीट समजावली, आणि फोटोग्राफी शिकणाऱ्या पुढच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

यातून दोन पद्धती निघतात. पहिलीत पार्श्वभूमी उजळ ठेवायची. बाटलीमागे ट्रेसिंग पेपर किंवा दुधी ॲक्रिलिक लावून त्याच्या मागून दिवा द्यायचा. मात्र उजळ भाग कॅमेऱ्याच्या चौकटीएवढाच हवा, त्याहून मोठा नको. चौकटीबाहेर काळोख असला की तो काळोख बाटलीच्या कडांवर येऊन बसतो आणि शाईच्या रेघेनं काढावी तशी बाटली रेखली जाते. नवखा माणूस भलामोठा पांढरा पडदा लावतो. मग कडांवरही पांढराच रंग येतो आणि बाटली पडद्यात विरून जाते. अशा वेळी जास्तीचा दिवा आणायचा नसतो. दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करायचे. ते बाटलीच्या जितके जवळ, तितकी कड जाड. पुठ्ठा बोटभर सरकवावा आणि स्क्रीनवर रेघ जाड-बारीक होताना बघावी, यात या कामाचं अर्धं सुख आहे.

दुसरी पद्धत नेमकी उलटी. मागे काळा पुठ्ठा, चौकट भरेल इतकाच, आणि त्याच्या चहूबाजूंनी उजेड. आता कडांवर चौकटीबाहेरचा उजेड येतो आणि काळोखात बाटलीची चमकती रेघ उभी राहते. अत्तर आणि मद्य यांच्या जाहिराती या वाटेनं फार गेल्या आहेत. दिसायला ती देखणी असते, पण निर्दय. काचेवरचा धुळीचा कण, बोटाचा ठसा, पुसताना राहिलेला धागा, सगळं झळकतं. म्हणून सुती हातमोजे, मऊ कापड आणि हवेचा फुगा हाताशी लागतात. फोटोसाठी निवडलेल्या बाटलीला स्टुडिओत ‘हिरो’ म्हणतात, आणि ती डझनावारी बाटल्या उजेडात फिरवून निवडलेली असते. साच्याच्या दोन अर्धुकांची शिवण प्रत्येक बाटलीवर असते. ती बरोबर कडेवर येईल अशी बाटली वळवून ठेवतात, म्हणजे रेघेत रेघ मिसळून जाते.

आता त्या बाटलीत अमृत कोकम भरा. अवघड भाग इथे सुरू होतो. भरलेली गोल बाटली म्हणजे उभं भिंग. मागचं डावं तिच्यात उजवीकडे दिसतं आणि मधल्या भागातही आजूबाजूचं गोळा होऊन येतं. एक गोष्ट मात्र सोपी होते. काच आणि सरबत यांच्यामध्ये परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं, त्यामुळे आतल्या भिंतींवरचे नको ते ठिपके जवळपास नाहीसे होतात. खरी अडचण रंगाची. पेल्यात लालचुटूक दिसणारं कोकम बाटलीभर झालं की जवळजवळ काळं दिसतं. बऱ्याच स्टुडिओंत अशा वेळी सरळ पाणी घालून ते पातळ करतात. मला हे पटत नाही. विकायच्या वस्तूचाच फोटो असेल, तर बाटलीत तीच वस्तू असावी. त्याला उपायही आहे. केकखाली असतो तसला सोनेरी पुठ्ठा बाटलीच्या आकाराहून किंचित लहान कापायचा, बाटलीमागे तिरपा लपवायचा आणि त्याच्यावर एक बारीक दिवा टाकायचा. तो उजेड सरबतातून पुढे येतो आणि कोकम आतून पेटल्यासारखं लाल होतं. पुठ्ठ्याची कड कॅमेऱ्याला दिसू द्यायची नाही, एवढंच पथ्य. पाठीमागचं लेबलही भिजवून काढावं लागतं, नाहीतर सरबताच्या मधोमध त्याचा काळा चौकोन येतो.

बाटलीच्या अंगावरून मानेपासून बुडापर्यंत जाणारा उजेडाचा पट्टा ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. त्यामुळेच बाटली गोल आहे हे डोळ्याला कळतं. लांबट सॉफ्टबॉक्स तसाच बाजूला उभा केला तर काचेवर त्याचा कापल्यासारखा पांढरा आयत उमटतो, अगदी स्वस्त दिसतो. तोच दिवा ट्रेसिंग पेपरच्या मागे, कागदाच्या एका कडेला सरकवून लावला, की पट्टा एका बाजूला ठाशीव राहतो आणि दुसरीकडे हळूहळू मावळतो. चकाकी मारायला पोलरायझर लावा, असा सल्ला अनेक जण देतात. काचेवरची चकाकी तो पूर्ण मारतो ती सुमारे ५६ अंशांच्या कोनात. गोल बाटलीवर तो कोन एखाद्या उभ्या पट्टीपुरताच मिळतो. शिवाय चकाकी सगळी गेली तर काच काच राहतच नाही.

टॅल्बट यांच्या चिनी मातीकडे परत यायचं तर लेबलला वेगळा उजेड द्यावा लागतो. पर्समधल्या छोट्या आरशानं एखाद्या दिव्याची तिरीप फक्त लेबलवर पाडतात. आता डिजिटलमध्ये बहुतेक जण लेबल, सरबत, डावा पट्टा, उजवा पट्टा आणि बूच यांचे वेगवेगळे फोटो घेऊन संगणकावर एकत्र करतात. त्यात गैर काही नाही. फक्त बाटली आणि कॅमेरा एका केसानंही हलता कामा नये. गारव्याचे थेंब शेवटी येतात. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फवारतात, कारण नुसतं पाणी ओघळतं आणि वाळतं. प्रत्येक थेंब स्वतः एक भिंग असल्यामुळे आधी नीट बसवलेल्या कडा त्यानं बिघडतात आणि पुठ्ठे पुन्हा सरकवावे लागतात.

हल्ली कित्येक बाटल्या टेबलावर येतच नाहीत, संगणकातच घडतात. काचेचा वक्रीभवनांक १.५ च्या आसपास भरला की सॉफ्टवेअर किरणांचा हिशेब करतं. पण रिकाम्या दृश्यात ठेवलेली ती बाटलीही मेल्यासारखी करडी दिसते. मग संगणकावर बसलेला कलाकार तिच्यामागे उजळ पडदा आणतो, दोन्ही बाजूंना काळे पृष्ठभाग उभे करतो आणि कड हवी तेवढी जाड होईपर्यंत ते आत-बाहेर सरकवत राहतो.