भात शिजला, आता कचरा तोला

कोरियन घरात सकाळी माणसांच्या आधी कुकर बोलतो. रात्री झोपताना तांदूळ धुऊन, पाणी मोजून वेळ लावून ठेवलेली असते. पहाटे कुकर आधी 'वाफ सोडतोय' म्हणून सावध करतो, मग बाईच्या गोड आवाजात भात झाल्याची वर्दी देतो आणि वर ढवळून घ्यायलाही बजावतो. शिट्ट्या मोजायची भानगड नाही. तांदूळ आखूड, जाड आणि चिकट. दाणा न् दाणा मोकळा झाला की आपली सुगरण खूश होते, तिथली मात्र पाणी कुठे चुकलं याचा विचार करते. भात आणि रस्सा चमच्याने खायचा, बाकीचं सगळं धातूच्या काड्यांनी.

हा भात आता कमी होत चाललाय. १९७० च्या सुमारास दक्षिण कोरियात वर्षाला माणशी १३६ किलो तांदूळ लागायचा, २०२३ मध्ये तो ५६ किलोवर आला. पुष्कळ घरांत सकाळी पाव आणि कॉफीवरच भागतं. तरी कुकर ओट्यावर असतोच.

भाताभोवतीच्या लहान वाट्यांना बानचान म्हणतात. तीन-चार तरी हव्यातच. रोज सगळ्या कोण करणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन-तीन प्रकार करून डब्यांत भरतात आणि आठवडाभर फ्रिजमधून काढतात. छोटी सुकी मासळी सोया सॉस आणि साखरेच्या पाकात परततात, काळे सोयाबीन गोडसर शिजवतात, पालक उकडून पिळून तिळाच्या तेलात कालवतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे मोड आलेलं सोयाबीन. हे मोड आपल्या मटकीसारखे इवलेसे नसतात, चांगले बोटभर लांब असतात. उकडताना एक नियम पाळायचा: झाकण ठेवलं तर शेवटपर्यंत उघडायचं नाही आणि उघडं ठेवलं तर मध्येच झाकायचं नाही, नाहीतर कच्चट वास राहतो. मग थंड पाण्यात विसळून, निथळून मीठ, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, तिळाचं तेल आणि भाजलेले तीळ घालून हाताने कालवायचं. फोडणी कुठेच नाही. मोहरी तडतडल्याशिवाय भाजी झाल्यासारखं ज्यांना वाटत नाही, त्यांना हे स्वयंपाकघर फार शांत वाटेल.

खरा स्वयंपाक मात्र त्या दिवसाचा नसतोच. तो काही महिन्यांपूर्वी झालेला असतो. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा आंबवून केलेलं त्वेन्जांग आणि मिरचीचं कोचुजांग डब्यात तयार असतं. रस्सा करायचा म्हणजे त्वेन्जांग पाण्यात कालवायचं, त्यात टोफू, बटाटा आणि भोपळा टाकायचा, की पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. अशी आंबवलेली वाटणं, म्हणजे जांग, करण्याची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. त्याआधी २०१३ मध्ये किमजांग गेलं होतं.

किमजांग म्हणजे थंडीच्या तोंडावर, साधारण नोव्हेंबरात, घरादाराने बसून वर्षाची किमची घालणं. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापडांसाठी शेजारणी जमायच्या, तसंच. लांबट चिनी कोबी उभा चिरायचा आणि पानापानात मीठ भरायचं. जाड देठाकडे जास्त, टोकाकडे कमी. रात्रभरात तो इतका मऊ पडतो की वाकवला तरी मोडत नाही. सकाळी तीनदा तरी धुऊन पालथा घालून निथळत ठेवायचा. तोवर मुळ्याचे लांब काप, पात, आलं, लसूण, मिरचीपूड, खारवलेला जवळा आणि तांदळाच्या पिठाची पातळ खीर एकत्र कालवायची. मग लाल रबरी हातमोजे चढवून एकेका पानाला हा मसाला आतून बाहेर लावत जायचं आणि शेवटी बाहेरच्या मोठ्या पानाने सगळी गड्डी गुंडाळायची. हवा लागता कामा नये. कंबर मोडते. त्या रात्री उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची, हा ठरलेला बेत.

पूर्वी किमचीचे रांजण अंगणात पुरत, कारण जमिनीखालचं तापमान हिवाळाभर फारसं हलत नाही. लोक बाराव्या मजल्यावर राहायला गेल्यावर पुरायचं कुठे? १९९५ मध्ये मोटारींची वातानुकूलन यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीने 'दिमचे' नावाचा खास किमचीचा फ्रिज बाजारात आणला. तो शून्य अंशाच्या आसपास स्थिर राहतो, पुरलेल्या रांजणासारखाच. आज कोरियन घरात हा दुसरा फ्रिज असणं कौतुकाचं राहिलेलं नाही. ओन्दोलचंही तेच झालं. चुलीचा धूर फरशीखालून फिरवून खोली गरम करायची जुनी रीत होती. आता गरम पाण्याच्या नळ्या फिरतात, पण लोक अजून जमिनीवरच बसतात आणि जोडे दारात काढतात. नव्या यंत्रांनी इथे जुन्या सवयी मोडल्या नाहीत, उलट त्यांना वीज जोडून दिली. मला कोरियाचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं.

खरेदीचे रस्ते दोन. पारंपरिक बाजारात भाजीवाली मोडांवर आणखी एक मूठ घालते, आपल्या कोथिंबिरीच्या काडीसारखी. या बाजारांना श्वास घेता यावा म्हणून मोठ्या मार्टांनी महिन्यातले दोन दिवस बंद राहायचं, असा नियम २०१२ पासून आहे. दुसरा रस्ता मोबाइलचा. रात्री अकराच्या आत मागवलं तर सकाळी सातच्या आत माल दारात. २०१५ मध्ये 'मार्केट कर्ली'ने ही पहाटेची घरपोच सेवा रुजवली. सोय जबरदस्त आहे, पण ती रात्रभर जागणाऱ्या कामगारांच्या पाठीवर उभी आहे.

उरलंसुरलं टाकणं हे कोरियातलं स्वतंत्र घरकाम आहे. १९९५ पासून कचरा ठरावीक, विकत घेतलेल्या पिशवीतच टाकावा लागतो. २००५ पासून अन्नाचा कचरा थेट जमिनीत गाडायला बंदी आहे आणि २०१३ पासून त्याचे वेगळे पैसे पडतात. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये खाली काट्यासकट पेटी असते. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, टाकलं की वजन दिसतं आणि त्याचे पैसे महिन्याच्या देखभाल खर्चात जमा होतात. पैसे वजनावर, म्हणून गृहिणी आधी पाणी पिळून काढते. अंड्याची टरफलं, हाडं, शिंपल्यांची कवचं आणि कांद्याची सालं यात चालत नाहीत. कसोटी साधी: जनावर खाईल का? कारण यातून पशुखाद्य, खत आणि बायोगॅस होतो. पारदर्शक बाटल्यांचं लेबल सोलून, चेपून त्या वेगळ्या ठेवायच्या, हा २०२० च्या डिसेंबरातला नियम. ओला-सुका एवढ्यावरच वैतागणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी एकदा ही पेटी बघून यावी.

आता इतकी यंत्रं, इतकी शिस्त, तरी काम कोण करतं? २०१९ च्या सरकारी पाहणीत, नवरा-बायको दोघंही कमावतात अशा घरांत बायको दिवसाला सरासरी ३ तास ७ मिनिटं घरकाम करत होती. नवरा ५४ मिनिटं.