त्या हशाचा अर्थ

बीटल्स या इंग्रज चौकडीची 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' ही १९६७ सालची तबकडी आम्ही प्रथम ऐकली ती फार वर्षांपूर्वी, मडगावच्या एका स्नेह्याच्या घरी. आणि खरे सांगायचे तर ती आम्ही पुरती ऐकली नाही. स्नेह्याचे थोरले बंधू जहाजावर नोकरीस होते. गोव्यातल्या कित्येक घरांत विलायती संगीत आले ते अशाच बोटीवरच्या माणसांच्या पेट्यांतून. पहिली बाजू आम्ही सौजन्यापोटी निमूटपणे ऐकली. तबकडी उलटली, आणि पहिल्याच गाण्यात तंबोरा झंकारला, तबला बोलू लागला. आम्ही सावरून बसलो. पाच मिनिटांनी ते गाणे संपले आणि त्यामागोमाग माणसांच्या हसण्याचा आवाज आला. आपल्या तंबोऱ्याला, आपल्या तबल्याला कोणी हसत आहे असे आम्हांस वाटले. चहा अर्धा टाकून आम्ही उठलो.

त्या रागाचे आज आम्हांसच हसू येते; पण तो अगदीच अकारण होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या भूमीवर १९६१ पर्यंत परकीय सत्ता नांदली, तेथे पाश्चात्य सूर हा पुष्कळांच्या कानी राज्यकर्त्यांचा सूर होता. घरात नाट्यपदे, देवळात भजन, आणि दीनानाथ मंगेशकर व केसरबाई केरकर ही नावे घेताना मान आपोआप ताठ होणारी वडीलधारी मंडळी. आमचे कान घडले ते अशा वातावरणात. त्यात सत्तरच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले. सतार, चिलीम आणि अध्यात्म ही तिन्ही त्यांच्या एकाच झोळीत असत. तेव्हा विलायती गाण्यात तंबोरा ऐकू आला की तो त्याच झोळीतला, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे त्या स्नेह्याने ती तबकडी ध्वनिफितीवर उतरवून आमच्याकडे धाडली. ती कित्येक वर्षे कपाटात पडून होती. आमची कन्या शिक्षणासाठी परगावी गेली त्या पावसाळ्यात, घर सुने सुने वाटत असता, एका रात्री ती सहज लावली. 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे पूर्वीही कानांवरून गेले होते, पण त्यातील घर सोडणारी मुलगीच तेवढी लक्षात राहिली होती. सतरा वर्षांच्या एका मुलीने घर सोडल्याची बातमी पॉल मॅकार्टनी यांनी फेब्रुवारी १९६७ मध्ये 'डेली मेल' पत्रात वाचली आणि तीवरून हे गाणे जन्मले. (बातमीचे असे सोने होते, हे वृत्तपत्रात आयुष्य घालविणाऱ्यास सुखविणारेच आहे.) त्यात गिटार नाही, ढोल नाही, चौघांपैकी कोणीच वाद्य वाजवीत नाही. केवळ व्हायोलिनच्या जातीची तंतुवाद्ये आणि हार्प. मुलीची हकीकत मॅकार्टनी सांगतात आणि तिच्यामागून आईबापांचे म्हणणे जॉन लेनन यांच्या आवाजात येते. ते आईबापांचे म्हणणे आम्ही त्या रात्री प्रथम ऐकले. तबकडीत ते १९६७ पासून होतेच.

मग संपूर्ण तबकडी पुनःपुन्हा ऐकणे आले आणि तिच्याविषयी वाचणेही आले. ऑगस्ट १९६६ मध्ये या चौघांनी जाहीर दौरे थांबविले. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचे गाणे त्यांनाच ऐकू येईनासे झाले होते. त्यानंतर नोव्हेंबरपासून पुढील एप्रिलपर्यंत लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात हे काम चालले. यंत्रे चार पट्ट्यांची. चारही भरल्या की त्या एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावयाच्या आणि वर नवे सूर चढवावयाचे, असा तो खटाटोप होता. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस अनेक पियानोंवर एकदम आघात केलेला आहे आणि नाद विरत जाईल तसतशी यंत्राची ग्रहणशक्ती वाढवीत नेली आहे. चाळीस सेकंदांहून अधिक काळ तो स्वर टिकतो. देवळातील मोठ्या घंटेचा नाद विरेपर्यंत ज्याने डोळे मिटून ऐकला आहे, त्यास याची गोडी वेगळी सांगावी लागणार नाही. सगळेच मात्र आम्हांस रुचते असे नाही. 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग' मधील कोंबड्या-कुत्र्यांचा कालवा अद्याप सोसत नाही.

मुखपृष्ठाची हकीकत तर मासलेवाईक आहे. तेथे जमविलेल्या थोरामोठ्यांच्या मेळ्यात गांधीजींचीही प्रतिमा होती. परंतु हिंदुस्थानातले लोक दुखावतील या भयाने ती ई.एम.आय. कंपनीने काढावयास लावली. म्हणजे आमच्यासारख्यांच्या रागाची दखल तबकडी विक्रीस येण्यापूर्वीच लंडनमध्ये घेतली गेली होती!

आता त्या तंबोऱ्याच्या गाण्याकडे येऊ. 'विदिन यू विदाउट यू' हे त्याचे नाव, रचना जॉर्ज हॅरिसन यांची. दौरे थांबताच सप्टेंबर १९६६ मध्ये हे गृहस्थ मुंबईस आले आणि रविशंकर यांच्याजवळ सतार शिकू लागले. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेचा आधार या गाण्यास आहे. स्वर खमाज थाटाचे. ठेका सोळा मात्रांचा, मधल्या वाद्यभागात दहा मात्रांचा. दिलरुबा गायकाच्या मागोमाग चालतो, आपल्याकडे सारंगी चालते तसा. वादक लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेकडून आले होते. त्यांत तबल्यावर नटवर सोनी होते, आणि दिलरुबा वाजविणाऱ्यांत अण्णा जोशी हे एक नाव आहे, जेथे कोणाही मराठी वाचकाचे डोळे क्षणभर थांबतील. वेष्टनावर मात्र यांपैकी एकाचेही नाव छापले गेले नाही. ही तक्रार आमची आजही कायम आहे. आठ व्हायोलिने आणि तीन चेलो यांचा ताफा जॉर्ज मार्टिन यांनी नंतर त्यावर चढविला. एका स्वरावरून दुसऱ्यावर नेमकी उडी घेण्याची सवय असलेल्या त्या वादकांकडून दिलरुब्याची मींड काढवून घेताना त्यांचा चांगलाच कस लागला असला पाहिजे. उरलेल्या तिघांपैकी कोणीही या गाण्यात नाही. जगातील सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंदाच्या तबकडीवर तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण शिष्यभावाने एकटा बसला आहे, असे ते दृश्य आहे.

आणि तो हशा? तो हॅरिसन यांनी स्वतः घातला. एवढे गंभीर, उदास असे पाच मिनिटे ऐकविल्यावर श्रोत्यांचा जीव थोडा हलका व्हावा, हा त्यांचा हेतू. संकोची माणूस काळजातले काही बोलून जातो आणि मग स्वतःच हसून विषय बदलतो, त्यातलाच हा प्रकार. हॅरिसन २००१ साली निवर्तले. ज्या हशासाठी आम्ही त्यांच्यावर इतकी वर्षे रुसून होतो, तो त्यांनी आपल्या स्वतःवरच ओढवून घेतलेला होता.

अलीकडे मडगावास त्याच घरी जाण्याचा योग आला. बंधू आता थकले आहेत, तबकडीवरही ओरखडे पुष्कळ आहेत. स्नेह्याने ती मुद्दाम लावली आणि आमचा जुना राग आठवून गाणे संपतासंपता, हशा येण्यापूर्वीच, सुई उचलली. आम्ही त्यांस ती पुन्हा टेकवावयास सांगितले.