फोन आपला, कुलूप कोणाचे?

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या गोव्यातील वर्गांत परदेशी वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शनच भरते. कोणाचे वडील आखातात, कोणाची आत्या पोर्तुगालात, तर कोणाचा मामा बोटीवर. ही मंडळी सणाला घरी येतात आणि येताना मुलांसाठी काही ना काही घेऊन येतात. दोन वर्षांमागे अशाच एका सायंकाळी दहावीतील एक विद्यार्थी आपल्या आईसह आमच्या घरी आला. मुलाच्या हाती एक कोरा करकरीत मोबाईल होता. माउली म्हणाली, “सर, मोबायल नवोच आसा, पूण उलयना!”

फोन नवा आहे, पण बोलत नाही, एवढेच तिचे गाऱ्हाणे. मामा प्रवासी जहाजावर नोकरीस. अमेरिकेतील मायामी बंदरात बोट लागली असता त्याने भाच्याच्या अभ्यासासाठी तो घेतला होता. शेजारच्या फोनांहून हा पुष्कळ स्वस्त मिळाला, याचाच त्याला आनंद झाला होता. परंतु येथे आपले सिमकार्ड घालताच पडद्यावर कुलूप उघडण्याचा सांकेतिक क्रमांक मागणारी सूचना उमटे, आणि पुढे काहीच होत नसे. बाजारातील एका दुकानदाराने ‘खोलून देतो’ म्हणून बरीच रक्कम सांगितली होती. ती द्यावी की न द्यावी, हे विचारण्यास ती आली होती.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर; यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि शिक्षकाने ‘मला ठाऊक नाही’ म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवावे, हे आम्हांस रुचले नाही. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि जाणकारांना विचारून, वाचून, जे समजले ते त्या मायलेकांना सांगितले. तेच आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण सरसकट ‘फोन’ म्हणतो, त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या असतात. पहिली म्हणजे हातातील यंत्र, दुसरी सिमकार्ड आणि तिसरी कंपनीची सेवा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पंधरा आकडी क्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. फोनवर *#०६# ही खूण दाबली की तो पडद्यावर दिसतो. सिमकार्डाच्या पोटातही दुसरा एक क्रमांक असतो व तो बहुधा पंधरा आकडीच असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात आणि त्यानंतरचे दोन किंवा तीन आकडे कंपनी सांगतात. भारताचे आकडे ४०४ व ४०५ आहेत. अमेरिकेचे ३१० पासून पुढचे काही आहेत. आपण मित्राला सांगतो तो दहा आकडी क्रमांक मात्र ह्या दोहोंहून वेगळा असून त्याची सांगड कंपनीच्या दप्तरी सिमकार्डाशी घातलेली असते. म्हणूनच कार्ड एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातले की आपला क्रमांकही त्याच्याबरोबर जातो.

ही सोय योगायोगाने झालेली नाही. १९९१ साली जर्मनीतील म्युनिक शहराच्या गिझेके आणि डेव्रिएंट ह्या कंपनीने पहिली तीनशे सिमकार्डे फिनलंडमधील रेडिओलिंजा ह्या दूरध्वनी कंपनीला पुरविली. ते कार्ड आजच्या बँकेच्या कार्डाएवढे, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर लांब होते. आज वापरात असलेले सर्वांत लहान कार्ड जेमतेम १२ मिलिमीटर लांब आहे. आकार घटला, परंतु हेतू तोच राहिला. ग्राहकाची ओळख यंत्रापासून वेगळी ठेवावी, म्हणजे यंत्र बदलले तरी ओळख राहील आणि कंपनी बदलली तरी यंत्र राहील, हा तो हेतू. सारांश, यंत्र आणि सेवा वेगवेगळी असणे ही मूळची रीत आहे. कुलूप मागाहून घातलेले आहे.

आता ‘कुलूप’ ह्या एका शब्दाने लोक चार वेगळ्या गोष्टी सांगतात व त्यामुळे मोठा घोटाळा होतो. पहिले कुलूप पडद्याचे. ते आपण स्वतःच घालतो व बोटाच्या ठशाने उघडतो. दुसरे सिमकार्डाचे, त्याचा गुप्त अंक लागोपाठ तीनदा चुकला की कार्ड अडते आणि मग कंपनीकडून आठ आकडी दुसरा अंक घ्यावा लागतो. तिसरे खात्याचे, जुना फोन विकणाऱ्याने आपले खाते त्यातून काढले नसेल, तर घेणाऱ्याला त्याचा संकेतशब्द मिळाल्यावाचून फोन चालू करता येत नाही. चौथे कंपनीचे, आणि आमचा विषय तोच आहे. हे कुलूप ज्याच्यावर असते तो फोन, घातलेल्या सिमकार्डातील देशाचे व कंपनीचे आकडे वाचतो, ते आपल्या पोटातील यादीशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर त्या कार्डाला थारा देत नाही. मनोरा कितीही जवळ असो, फोन मुकाच राहतो. संकटकाळचा ११२ हा क्रमांक तेवढा बहुधा अशा फोनवरूनही लागतो.

कंपनी असे कुलूप का घालते? एखाद्या व्यापाऱ्याने मासेमाऱ्याला अर्ध्या किमतीत होडी द्यावी आणि अट घालावी की, मासळी मात्र आमच्याच दारी आणून घालावयाची. तसाच हा व्यवहार आहे. अमेरिकेत दूरध्वनी कंपन्या फोन हप्त्याने अथवा कमी किमतीत देतात आणि सोडलेली रक्कम पुढे दरमहाच्या शुल्कातून वसूल करतात. ग्राहक फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे निघून जाऊ नये, म्हणून कुलूप. मामाला जो स्वस्तपणा दिसला, तो ह्या अटीचा मोबदला होता. होडी स्वस्त मिळाली, पण मासळी मायामीसच उतरविणे आले!

आपल्याकडे बहुतेक फोन मोकळेच विकले जातात, म्हणून हा प्रश्न विचारण्याची सवय आपणांस नाही. अपवाद आपणही पाहिले आहेत. २०१७ साली निघालेला जिओफोन केवळ त्याच कंपनीच्या कार्डावर चाले. इतर देशांनी ह्या बाबतीत कायदे व नियम केले आहेत. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन मोकळेच विकावे लागतात व जुन्या फोनचे कुलूप मागणी होताच फुकट उघडून द्यावे लागते. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकण्यास बंदी आहे. अमेरिकेत २०१४ साली झालेल्या कायद्याने ग्राहकाला आपला फोन उघडून घेण्याची मोकळीक दिली. परंतु तेथे कुलूपबंद फोन विकण्यास मनाई झाली नाही. म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या फोनविषयी विशेष सावध असावे.

हे कुलूप उघडण्याचा सरळ मार्ग एकच, आणि तो म्हणजे ज्याने घातले त्याच्याकडून उघडून घेणे. अटी सामान्यतः तीन असतात. फोनची पूर्ण किंमत चुकती झालेली असावी. तो चोरीचा अथवा हरवलेला म्हणून नोंदलेला नसावा. आणि ठराविक काळ तो त्याच कंपनीच्या सेवेवर वापरलेला असावा. हा काळ कोठे काही आठवड्यांचा, तर कोठे वर्षभराचा असतो. अटी पुऱ्या झाल्या की कंपनी एक सांकेतिक क्रमांक देते, किंवा आपल्या दप्तरात तशी नोंद करते आणि फोन इंटरनेटला जोडताच मोकळा होतो. आमच्या विद्यार्थ्याचे दुर्दैव असे की, मामाने तो फोन तेथे एक दिवसही वापरला नव्हता. पहिल्या दोन अटी पुऱ्या होत्या. तिसरी गोव्यात बसून पुरी होण्याजोगी नव्हती.

मग बाजारातील दुकानदाराचे काय? त्याला पैसे देऊ नयेत, असेच आम्ही सांगितले. कंपनीला न कळत कुलूप मोडण्याच्या युक्त्या पुष्कळदा फसतात, किंवा नवी आज्ञावली चढताच कुलूप पुन्हा बसते. काही ठिकाणी तर यंत्राचा पंधरा आकडी क्रमांकच बदलून देतात. तो आपल्या देशात गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषांत आला आणि आता घरचाच झाला. परंतु दुसऱ्याची चावी चोरून करणे कोणत्याच भाषेत भले नव्हे.

फोन मोकळा असला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. पुढील चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट लहरींची. रेडिओवर जशी वेगवेगळी केंद्रे वेगवेगळ्या ठिकाणी लागतात, तशा दूरध्वनी कंपन्यांच्या लहरीही ठराविक पट्ट्यांत असतात. भारतात ४जी सेवेसाठी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० व २५०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरले जातात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ५जी सेवेसाठी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा आहे. परदेशी फोनला ह्यांतील किती पट्टे ऐकू येतात, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. जिओच्या जाळ्यात २जी वा ३जी सेवा नाही. तेथे आवाजही ४जी किंवा ५जी वरूनच जातो. ती सोय फोनमध्ये नसेल, किंवा कंपनीच्या बाजूने त्या फोनला मान्य नसेल, तर इंटरनेट चालते, पण साधा फोन लागत नाही.

तिसरी गोष्ट इंटरनेटच्या वाटेची. नव्या कंपनीचे कार्ड घातले की फोनमधील एपीएन नावाच्या रकान्यात त्या कंपनीचा शब्द असावा लागतो. जिओसाठी ‘जिओनेट’, भारत संचारसाठी ‘बीएसएनएलनेट’, असे ते शब्द रोमन लिपीत भरावयाचे असतात. पुष्कळदा ते आपोआप भरले जातात. न भरल्यास बोलणे होते, पण इंटरनेट चालत नाही, आणि लोक उगाच फोनला दोष देतात.

चौथी गोष्ट कार्डाच्या जागेची. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनांना कार्ड घालण्याची खाचच नाही. त्यांत कार्डाऐवजी ई-सिम, म्हणजे यंत्रातच उतरवून घ्यावयाची नोंद असते. तो फोन घेण्यापूर्वी आपली कंपनी अशी नोंद देते की नाही, ते विचारावे. काही फोनांच्या डब्यावर तर असेही छापलेले असते की, प्रथम अमुक प्रदेशाचे कार्ड घालूनच फोन सुरू करावा. तसे असल्यास तेथील कार्डावर काही मिनिटे बोलून मगच तो इकडे आणावा.

यंत्र मोकळे झाले, तसा आपला क्रमांकही मोकळा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. २० जानेवारी २०११ पासून भारतभर तोच क्रमांक ठेवून कंपनी बदलता येते. ‘पोर्ट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून आपला क्रमांक लिहावा आणि तो संदेश १९०० ह्या क्रमांकावर धाडावा. उत्तरादाखल येणारा संकेत नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह द्यावा. त्यासाठी क्रमांक जुन्या कंपनीकडे निदान ९० दिवस चालू असला पाहिजे. दूरसंचाराच्या नकाशात गोवा व मुंबई वगळता महाराष्ट्र हे एकच मंडळ आहे. म्हणून सावंतवाडीचा क्रमांक म्हापशाच्या दुकानात बदलून घेताना मंडळ बदलत नाही. ज्याचे यंत्रही मोकळे आणि क्रमांकही मोकळा, त्याच्या गावात ज्या कंपनीचा मनोरा चांगला, ती कंपनी त्याची. घाटाखालच्या वाड्यांवर, जेथे एकाच कंपनीची सेवा पोहोचते, तेथे ह्या मोकळेपणाचे मोल शहरवासीयांस कळणार नाही.

आता त्या फोनचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. तो आजही कुलूपबंदच आहे. मात्र कंपनीचे कुलूप केवळ सिमकार्डाला अडविते. वाय-फायला नव्हे, हे आम्हांस समजले. तेव्हा घरच्या वाय-फायवर त्या मुलाने त्याच फोनवर दहावीचा अभ्यास केला आणि बोटीवरील मामाचे तोंडही त्याची आई आता त्याच्याच पडद्यावर पाहते. जे गेले ते थोडे नव्हते. जे वाचले तेही थोडे नव्हे.

गेल्या चतुर्थीपूर्वी मामाने पुन्हा एका बंदरातून विचारले, “बहिणीसाठी फोन आणू का?” तेव्हा मुलाने त्याला उलट प्रश्न केला, “तो कोणत्याही कंपनीचे कार्ड घेतो का, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून मिळेल का?” दुकानदाराने लिहून देण्यास नकार दिला आणि मामाने पैसे खिशातच ठेवले. एवढा एक प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी शिकवून ठेवावा, म्हणजे हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.