लाकडी डाव आणि उलथनं
खीर आटवताना स्टीलचा डाव पातेल्यातच राहिला, की थोड्या वेळात दांड्याला हात लावून बघा! लाकडी डावाचा दांडा मात्र गारच असतो. स्टेनलेस स्टीलच्या मानाने लाकडाची उष्णतावहनाची क्षमता साधारण शंभराव्या हिश्शाइतकीच असते.

भांड्यांचंही भलं होतं. नॉनस्टिक तव्यावर धातूचं उलथनं फिरलं की लेपावर चरे उमटतात. कल्हईचं कथीलही मऊच. प्लॅस्टिकचं उलथनं ओरखडत नाही, पण तापल्या कढईत टेकवून ठेवलं की त्याची कड वितळते.

लाकडात जंतू राहतात, ही शंका हमखास निघते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर यांनी १९९० च्या दशकात भाजी-मांस कापायच्या पाटांवर प्रयोग केले. लाकडावर सोडलेले जीवाणू आत शोषले गेले आणि बहुतेक तिथेच मेले. सुरीने चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हाताने धुऊन नीट स्वच्छ होईना. अर्थात हे पाटांबद्दल, आणि म्हणून डाव न घासता चालतो असं नव्हे.

खरी काळजी ओलाव्याची. रात्रभर खरकट्या पाण्यात बुडवून ठेवू नये. डिशवॉशर तर नकोच. घासून, पुसून हवेवर वाळवावं. अधूनमधून खोबरेलाचा हात फिरवला की लाकूड कोरडं पडत नाही. घेताना सागवान किंवा शिसवीचं, बिनपॉलिशचं बघावं. भेग पडली की जीव न अडकवता टाकून द्यावं, कारण भेगेतलं अन्न घासणीने निघत नाही.

उतू जाणाऱ्या दुधावर आडवा डाव ठेवायची युक्ती? थोडा वेळच चालते. डाव तापला की दूध वर येतंच.